आमची वाटचाल : विंडोजचं लायसन्स मदरबोर्डाचं की माणसाचं?

चिपळूणच्या बाजारपेठेत २००९ साली संगणक जोडून विकायला गाळा घेतला तेव्हा गेमिंग पीसी मागायला कोणी येत नसे. शाळांच्या लॅब, पतपेढ्या, डीटीपीवाले, एवढंच गिऱ्हाईक. विंडोजचं लायसन्स, म्हणजे ते वापरायचा परवाना, हा विषय बिलावर नसायचाच. डीव्हीडी घालायची, क्रॅक (लायसन्सशिवाय विंडोज चालवणारा चोरटा प्रोग्राम) मारायचा, मशीन गाडीत चढवायचं. सगळा बाजार तेच करत होता, आम्हीही केलं. ते चुकीचं होतं, हे आधी सरळ लिहून टाकतो.

सोडलं ते गुहागरच्या एका अकरावीतल्या मुलामुळे. त्याचं स्टीमचं, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानाचं, खातं चोरीला गेलं. गणपतीत आणि दिवाळीत मिळालेले पैसे साठवून घेतलेले सगळे गेम त्यात होते. मशीन तपासलं, तर आमचा क्रॅक चालावा म्हणून डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) बंद केला होता आणि तो पुन्हा कधी चालूच केला नव्हता. बंद करणारा मीच. त्याची आई भांडली नाही. "तुमच्या भरवशावर घेतला ओ, भाऊ," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून आमच्या दुकानात क्रॅक नाही.

मग विंडोज चालू करायच्या स्वस्तातल्या 'की' (अक्षरं-आकड्यांचे कोड) आल्या. मुंबईच्या एका पुरवठादाराने 'ओरिजिनल' म्हणून गठ्ठ्याने दिल्या, आम्हीही विश्वासाने विकल्या. काही महिन्यांत एकेका पडद्याच्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' दिसू लागलं. त्या व्हॉल्यूम की निघाल्या. म्हणजे मोठ्या संस्थांना त्यांच्या स्वतःच्या मशीनसाठी दिलेल्या, सुट्या विकायची परवानगीच नसलेल्या. पैसे परत मिळाले नाहीत. प्रत्येक गिऱ्हाइकाला आम्ही पदरमोड करून नवीन लायसन्स दिलं. आता कुठलंही मशीन हातात आलं की 'एसएलएमजीआर डीएलआय' ही कमांड मारून लायसन्सचा प्रकार आधी बघतो : रिटेल (सुटं घेतलेलं, दुसऱ्या मशीनवर नेता येणारं), ओईएम (मशीनसोबत आलेलं, त्याच मशीनपुरतं) का व्हॉल्यूम.

पण खरा फरक कळला तो २२ जुलै २०२१ ला. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि आमच्या गाळ्यात पंख्याला लागलं. पाणी ओसरल्यावर पुढचे कित्येक दिवस लोक कॅबिनेट घेऊन येत होते. काहींनी पोत्यात आणले, एकाने तर भाताच्या टोपल्यात. कॅबिनेटची बाजू उघडली की आतून तांबडा गाळ ओघळायचा. रॅमच्या खाचा गाळाने लिंपलेल्या, प्रोसेसरच्या पंख्यात पालापाचोळा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश घेऊन रात्र रात्र धुतले, तरी बहुतेक मदरबोर्ड (सगळे भाग जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड) गेलेच. हार्ड डिस्क, रॅम मात्र बऱ्याच वाचल्या.

त्यातली दोन मशीन मला अजून आठवतात. दोन्ही गेमिंगची, दोन्हीवर खरं विंडोज १०. एकाच्या कॅबिनेटवर ओईएमचं स्टिकर होतं, गाळ पुसल्यावर आकडे लख्ख वाचता येत होते. पण ते लायसन्स होतं त्या बोर्डाला बांधलेलं. नवा बोर्ड दुसऱ्या कंपनीचा, दुसऱ्या पिढीचा. म्हणजे कागदोपत्री नवा संगणक. विंडोज पुन्हा विकत घ्यावं लागलं. दुसऱ्याचं रिटेल होतं आणि मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं. ॲक्टिव्हेशन ट्रबलशूटरमध्ये 'नुकतंच हार्डवेअर बदललं' हा पर्याय निवडला, जुन्या मशीनचं नाव निवडलं आणि विंडोज चालू. घेताना ओईएम स्वस्त पडलं होतं, पुरात महाग पडलं.

म्हणून आमच्याकडे गेमिंग पीसी जोडताना मी रिटेल सुचवतो. कोकणात तर जास्तच. खारी हवा, पावसाळ्यातली ओल, विजांचा कडकडाट, सारखी जाणारी लाईट. इथे बोर्ड बदलावा लागतोच, विशेषतः किनाऱ्याजवळच्या घरांत. विंडोजची महागडी 'प्रो' आवृत्ती मात्र कोणाच्या गळ्यात मारत नाही. बिटलॉकर (डिस्कला कुलूप), बाहेरून रिमोट डेस्कटॉपने आत येणं, ग्रुप पॉलिसी (ऑफिसातल्या मशीनना नियम लावणं), असल्या गोष्टी प्रोमध्ये मिळतात. गेम त्याने जास्त पळत नाही. साधी 'होम' आवृत्ती घेऊन वाचलेले पैसे यूपीएसला घाला, असं सांगतो.

फुकटची वाटही आहे, आणि ती चांगली आहे. विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सला 'की' लागत नाही. २०१८ मध्ये स्टीमवाल्या व्हॉल्व कंपनीने प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी सोय) आणल्यापासून विंडोजचे पुष्कळ गेम त्यावर नीट चालतात. पण मी पहिला प्रश्न तोच विचारतो : "तू खेळतोस काय?" काउंटर-स्ट्राइक २ किंवा डोटा २ म्हणाला, तर लिनक्स खुशाल. व्हॅलोरंट किंवा फोर्टनाइट म्हणाला, तर विंडोजच. त्यांची अँटी-चीट (खेळातली लबाडी पकडणारी) व्यवस्था गेम लिनक्सवर चालू देत नाही. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) हेही चालू लागतं. पोरं घाबरून मशीन घेऊन येतात. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, ते नुसतं बंद असतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हा दुकानात रांग लागली. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतच्या जवळजवळ सगळ्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. 'नवीनच घ्या' म्हणणं धंद्याला सोयीचं होतं. पण ज्यांचे गेम लिनक्सवर चालतात त्यांना लिनक्स टाकून दिलं, इतरांना ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षा अपडेटला नोंदवलं. नवीन मशीन थोड्यांनाच विकलं.

आता प्रत्येक बिलावर लायसन्सचा प्रकार लिहितो, ते गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या खात्याला त्याच्यासमोर जोडतो आणि नोंद वहीत ठेवतो. ती वही गाळ्यात नसते. माळ्यावर असते, भिंतीवरच्या पुराच्या रेषेच्या दोन हात वर.