गोड आवाजाची भीती

टू-स्ट्रोक इंजिनच्या मोटारसायकलचा आवाज आवडणाऱ्यांची जातच वेगळी. चौकातून यामाहाची आरएक्स हंड्रेड गेली की यांच्या माना वळतात आणि गाडी नजरेआड होण्याआधी निकालही लागलेला असतो: 'कार्बोरेटरचा स्लो जेट धुवायला झालाय.' गाडी कोणाची, चालवणारा कोण, हे कोणी पाहिलेलं नसतं. ऐकलेलं मात्र सगळं असतं.

मीही त्यातलाच. माझ्याकडे मातीत पळवायला बनवून घेतलेली आरएक्स आहे. बनवून घेतलेली म्हणजे मडगार्ड उंच, दोन्ही चाकांना बटण टायर, हेडलाइट नाही, इंडिकेटर नाही, घरच्यांची परवानगीही नाही. ही गाडी 1985 साली आली आणि 1996 साली बंद झाली. 98 सीसी, 11 हॉर्सपॉवर. आकडे आजच्या पोरांना हसू येण्याजोगे आहेत, पण कोल्हापूर-पुण्याकडच्या मातीच्या शर्यतींत तिने आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या सुझुकी शोगनने दोन पिढ्यांना पडायला आणि उठायला शिकवलं. ऑइल पंप मी काढून टाकलाय. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून घालतो. पुढे जे सांगायचंय ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, ही तशी साधी वस्तू. इंजिन हवा ओढतं, ती हवा एका अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते आणि तिथला दाब उतरतो. खालच्या वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतोच, तो पेट्रोलला जेटच्या, म्हणजे एका छोट्या पितळी तुकड्याच्या, बारीक भोकातून वर ढकलतो. दाबाचं हे गणित इटलीच्या व्हेंचुरीने 1797 साली पाण्याच्या नळ्यांवर मांडलं, तेव्हा मोटारसायकल कोणाच्या स्वप्नातही नव्हती. आपण मात्र आजही म्हणतो, 'गाडी पेट्रोल ओढत नाही.' पेट्रोल कोणीच ओढत नसतं.

जुळवणी खालून वर करायची. इंजिन चांगलं तापू द्यायचं, हवा कमी-जास्त करणारा एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवायचा आणि दीड फेरा बाहेर काढायचा. मग पाव-पाव फेऱ्याने इकडे-तिकडे करत आवाज सगळ्यात वर कुठे चढतो ते ऐकायचं. तो एका फेऱ्याच्या आतच चढला तर स्लो जेट, म्हणजे गाडी जागेवर चालू असताना पेट्रोल देणारा, लहान पडतोय, अडीचच्या पुढे गेला तर मोठा झालाय. फोर-स्ट्रोकवर हात बसलेले मिस्त्री इथे हमखास उलटे फिरतात. त्यांच्या बऱ्याच कार्बोरेटरांत तो स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो आणि बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. आमचा फिल्टरच्या बाजूला असतो, बाहेर काढला की हवा वाढते. एप्रिल 2020 पासून बीएस-सिक्स हे धुराचे नियम आले, नव्या गाड्या कार्बोरेटर सोडून इंजेक्शनवर गेल्या, त्यामुळे उलटे फिरणारेही आता कमी होत चाललेत. नवी पोरं स्क्रूला हातच लावत नाहीत, लॅपटॉप कुठे जोडायचा ते विचारतात.

वरच्या टोकाला, म्हणजे पूर्ण थ्रॉटलला, पेट्रोल देणारा मेन जेट. त्यावरून शर्यतीच्या मैदानात जेवढा वाद होतो तेवढा ग्रामपंचायतीतही होत नसेल. माझं मत विचाराल तर हा वाद निम्मा फुकटचा. मातीत पूर्ण थ्रॉटल किती वेळ मिळतं? वळण, उडी, पुन्हा वळण. बहुतेक वेळ हात पाव ते पाऊण यांच्यामध्येच असतो आणि त्या टापूत पेट्रोल ठरवते ती थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारी सुई. सुईवरची क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर उठते आणि पेट्रोल वाढतं. एवढंसं काम. पण त्यासाठी कार्बोरेटरचं झाकण उघडावं लागतं, स्प्रिंग उडून गवतात जाते आणि मग चार माणसं गुडघ्यावर बसून शर्यतीऐवजी स्प्रिंग शोधतात. म्हणून सुईला कोणी हात लावत नाही आणि मेन जेटवर सगळे तज्ज्ञ.

मेन जेट बघायचा तर पहाटे कालव्याकडेच्या मोकळ्या रस्त्याला जावं लागतं. नवा प्लग, पूर्ण थ्रॉटल, आणि त्याच वेगात क्लच दाबून इंजिन बंद. मग प्लग खोलून चिनीमातीचा रंग बघायचा. पांढरा म्हणजे लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), काळा ओला म्हणजे रिच (पेट्रोल जास्त), तपकिरी म्हणजे ठीक. पेट्रोलमधलं शिसं 2000 साली देशभरातून गेलं तेव्हापासून हे रंगही पूर्वीइतके सरळ बोलत नाहीत. त्यात बाजारातल्या डुप्लिकेट जेटचा घोळ. डोक्यावर कोरलेला आकडा एक, आतलं भोक भलतंच. काही महाभाग तर तार घालून भोक कोरतात आणि वर आकडा तोच सांगतात.

इथवरचं कुठलाही मिस्त्री सांगेल. खरी गंमत पुढे आहे. रिच गाडी वाईट वाजते. गुरगुरते, भरभरते, चौथ्या-पाचव्या ठिणगीला एखादी चुकवते, निळा धूर सोडते, तेलाचे शिंतोडे मागच्याच्या जर्सीवर उडवते. एक नंबर लहान जेट टाकला की आवाज मोकळा होतो. अजून एक लहान, आता कडक. थ्रॉटलला लगेच उत्तर देते, धूर जवळजवळ नाहीसा, वरच्या टप्प्यात एक लखलखीत सूर धरते. लोक वळून बघतात. कोणीतरी म्हणतं, 'काय वाजतीय राव!' आणि गाडी नेमकी याच वेळी मरणाच्या दारात उभी असते.

आमचे मिस्त्रीमामा अशा वेळी खूश होत नाहीत. डोळे बारीक करून ऐकतात आणि म्हणतात, "लई ग्वाड वाजाय लागली न्हवं? गप एक नंबर चढीव." पोरं कुरकुरतात, मामांनी गाडी मारली म्हणतात. मामा मोठा जेट टाकून मोकळे.

कारण उघड आहे, पण आवाजाच्या नादात विसरायला होतं. या इंजिनात पेट्रोल जळण्यापुरतं येत नाही. येताना ते आतला भाग गार करतं आणि क्रँक, बेअरिंग, पिस्टन यांना लागणारं ऑइलही तेच घेऊन येतं. जेट लहान केला की आग तापते, गारवा कमी होतो आणि वंगणही कमी होतं, तिन्ही एकदम. पिस्टन ॲल्युमिनियमचा, बोअर बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. मधली फट केसाएवढी. ती संपली की पिस्टन धरतो, मागचं चाक जाम, गाडी घसरते आणि स्वार जमिनीवर. म्हणूनच जुने टू-स्ट्रोकवाले सरळ रस्त्यावरसुद्धा दोन बोटं क्लचवर ठेवून चालवताना दिसतात. लोकांना ती ऐट वाटते.

याला घाबरून पोरं ऑइल वाढवतात. लिटरमागे जरा जास्तच ओततात, मनाला शांती. पण भोक तेवढंच असतं. त्यातून ऑइल जास्त गेलं म्हणजे पेट्रोल तेवढं कमी गेलं, म्हणजे मिश्रण आणखी लीन. जीव वाचवायला घातलेलं तेल इंजिन तापवायला हातभार लावतं! वर धूर दाट, म्हणून बघणाऱ्याला वाटतं गाडी रिच आहे.

कार्बोरेटर लावण्याला तंबोरा जुळवण्याची उपमा पुष्कळ जण देतात. ती ऐकायला बरी, पण लंगडी. तंबोरा अगदी सुरात लागला म्हणून कधी पेटला नाही. इथे सगळ्यात सुरेल जागा हीच कड्याच्या काठावरची जागा. कानाला हवं ते आणि पिस्टनला हवं ते यांत एका नंबराचं अंतर कायम ठेवावं लागतं, आणि ते ठेवायचं म्हणजे आपल्याच कानाचं न ऐकणं. मैदानावर दुसऱ्याची गाडी टणटणीत वाजत असताना आपली जरा घोगरी ठेवायला फार मोठं मन लागतं. पहिल्या फेरीत तो टणटणीतवाला पुढे जातोही. मे महिन्याच्या दुपारी बरेचदा शेवटपर्यंत पुढेच राहतो, ते जास्त त्रासदायक.

मे महिन्यात तो वाचतो त्यालाही कारण आहे. तापलेली हवा विरळ असते, मग तेच मिश्रण आपोआप थोडं रिच होतं. तीच गाडी, तोच जेट घेऊन तो डिसेंबरच्या पहाटे येतो. गार हवा दाट, मिश्रण लीन, आवाज पूर्वीपेक्षा गोड. मग गाडी ढकलत येते.

उंचीचंही असंच. महाबळेश्वर सुमारे 1,350 मीटरवर, तिथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा साधारण 12 टक्के विरळ. वर नेलेली गाडी भरभरते, सगळे तिला शिव्या घालतात, पण ती सुखरूप असते. भीती उलट्या प्रवासाची. घाटमाथ्यावर बारकाईने जुळवलेली गाडी टेम्पोत घालून कोकणात किंवा गोव्याला उतरवा. खाली ती झकास वाजते. कोल्हापूरहून गेलेल्या मंडळींना वाटतं, समुद्राची हवा मानवली.

आता यात पेट्रोलची भर पडलीय. पंपावर 20 टक्के इथेनॉल आलं. इथेनॉल स्वतःच ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळे जुना जेट आहे तसा ठेवला तर प्रत्येक जुनी गाडी गुपचूप लीनकडे सरकते. शिवाय ते पाणी धरतं, म्हणून मिसळलेलं पेट्रोल कॅनमध्ये ठेवून पुढच्या शर्यतीला वापरायची सवय सोडावी लागली. मामांनी हिशेब मांडला नाही. प्लग बघितला आणि जेट चढवला.

तेव्हापासून अंगणात गाडी चालू केली की शेजारच्या काकू खिडकी लावायच्या आधी डोकं बाहेर काढतात.

"बिघडलीय का रे ती? केवढा धूर!"

"नाही काकू, आत्ताच नीट लावून आणलीय."

"मागच्या महिन्यात बरी होती की! धूर नव्हता, आवाजपण छान होता."

"तेव्हा बिघडली होती, काकू."

खिडकी जरा जोरातच लागली.