आरपीजीत ओव्हरलोडिंग हवं का? हवं, पण तारखांपुरतं

जावा शिकून आमच्या टीममध्ये, म्हणजे आयबीएमच्या आरपीजी या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करायला, आलेल्या मुलामुलींचा एक प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, एकाच नावाची दोन प्रोसीजर्स इथे का लिहीत नाही आपण?" यालाच ओव्हरलोडिंग म्हणतात: नाव एक, प्रोसीजर्स (ठरावीक काम करणारे कोडचे तुकडे) अनेक. जुन्या मंडळींचं उत्तरही ठरलेलं: आरपीजी ही धंद्याची भाषा आहे, तिला ही थेरं नकोत.

मला जुन्यांचं हे म्हणणं पटत नाही. १९५९ साली रिपोर्ट काढण्यासाठी आयबीएमने आणलेली ही भाषा आज आयबीएम आय या त्यांच्याच ऑपरेटिंग सिस्टिमवर पॉलिसी, क्लेम, लेजर सगळं सांभाळते, आणि एका नावाखाली अनेक कामं तिच्यात कधीपासूनच चालतात. पर्सेंट-कॅर या फंक्शनला आकडा द्या, तारीख द्या, टाइमस्टँप द्या, मजकूर करून मिळतो. अधिकचं चिन्ह आकड्यांची बेरीज करतं आणि अक्षरं जोडतं. ही सोय कंपायलरने स्वतःपुरती ठेवली होती, इतकंच.

ती आपल्यालाही मिळाली आयबीएम आयच्या ७.३ आणि ७.४ या आवृत्त्यांवर, पीटीएफमधून, म्हणजे आयबीएमच्या अपडेटमधून. पद्धत मला फार आवडते. प्रत्येक प्रोसीजरचं स्वतःचं वेगळं नाव राहतं. वर एक सामायिक प्रोटोटाइप (कॉल कसा करायचा याची घोषणा) लिहायचा आणि त्याच्या ओव्हरलोड कीवर्डमध्ये त्या नावांची यादी द्यायची. कोणती बोलवायची हे कंपायलर पॅरामीटर बघून ठरवतो. सामायिक नाव फक्त कॉपी मेंबरमध्ये (अनेक प्रोग्रॅम्स ओढून घेतात त्या सामायिक सोर्समध्ये) असतं. बाइंडर सोर्समध्ये (बाहेरच्या प्रोग्रॅमना काय दिसावं त्या यादीत) एक्स्पोर्ट होतात ती खरी नावंच. त्यामुळे चालू प्रोग्रॅमना हातही लावावा लागत नाही. आणि रात्री दोनला जॉब अडकला, की कॉल स्टॅकमध्ये (कोणी कोणाला बोलावलं त्या यादीत) खऱ्या प्रोसीजरचं नाव दिसतं. सपोर्टला बसणाऱ्या माणसासाठी याची किंमत मोठी आहे.

विम्याच्या जुन्या सिस्टिममध्ये तारखा कशा असतात बघा. एका फाइलमध्ये आठ आकडी पॅक्ड (आकडे दाटून साठवलेले), २०२४०८१५. दुसरीत सात आकडी, पहिला आकडा शतकाचा: १२४०८१५. नव्या एसक्यूएल टेबलात खरा डेट टाइप. तिन्हींसाठी तीन प्रोसीजर्स आणि वर एकच नाव, हे अगदी योग्य काम आहे. फक्त पॅरामीटरला कॉन्स्ट (प्रोसीजर ही किंमत बदलणार नाही असं सांगणारा कीवर्ड) लावायचं नाही. कॉन्स्ट लावलं की सात आकडी आणि आठ आकडी दोन्ही कुठेही चालतात, दोन उमेदवार जुळतात आणि कंपाइल तिथेच अडतं. अशा वेळी सोर्समध्ये ओव्हरलोड डिटेल हे डायरेक्टिव्ह (कंपायलरला दिलेली सूचना) टाका; कोणता उमेदवार का बसला, का नाही, हे कंपायलरच्या लिस्टिंगमध्ये छापून येतं. नवीन मुलांना मी हे आधी दाखवते.

रकमांना मात्र ओव्हरलोड लावू देत नाही. प्रीमियमही आकडा, त्यावरचा कर हाही आकडा. कंपायलरला टाइप कळतो, रक्कम कशाची आहे ते कळत नाही. ते प्रोसीजरच्या नावातच यायला हवं.

तारखांमध्येही हीच अडचण एका ठिकाणी येते. सहा आकडी ११०५१२ घ्या. दिवस-महिना-वर्ष वाचलं तर ११ मे २०१२, वर्ष-महिना-दिवस वाचलं तर १२ मे २०११. दोन्ही खऱ्या तारखा, त्यामुळे एररही येत नाही. पॉलिसीची मुदत एका वर्षाने सरकते आणि प्रोग्रॅम शांतपणे पुढे जातो. आठ आकड्यांत निदान तारीख दिवस-महिना-वर्ष अशी उलटी आली की महिन्याच्या जागी १९ किंवा २० जातो आणि प्रोग्रॅम तिथेच पडतो.

म्हणून सहा आकडी तारखांची प्रोसीजर्स आम्ही ओव्हरलोडच्या यादीत घेत नाही. त्यांना कॉल करायचा तो पूर्ण नावाने, आणि त्या नावात फॉरमॅट लिहिलेलाच पाहिजे, मग नाव कितीही लांब होवो.