लिबरऑफिस घरच्या लॅपटॉपवर बिल्ड केलं

गेला रविवार पूर्ण यातच गेला पण मजा आली. लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरचा सोर्स (मूळ कोड) क्लोन करून, म्हणजे त्याची कॉपी उतरवून, उबंटू २४.०४ या लिनक्सवर बिल्ड करायचं होतं, म्हणजे त्या कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायचा होता. सुरुवातीलाच अडकलो, बिल्डला लागणारी पॅकेजेस आणणारी बिल्ड-डेप कमांड दिली तर म्हणे सोर्सची रेपॉझिटरीच नाही, कारण उबंटूत डेब-एसआरसी (सोर्स पॅकेजेसची नोंद) आधीपासून बंद असतं. सोर्सेस फाइलमध्ये टाइप्सच्या ओळीत डेबच्या पुढे एक स्पेस देऊन डेब-एसआरसी लिहिलं, अपडेट मारलं, आणि मग पॅकेजेसची ही भलीमोठी यादी धडाधड उतरायला लागली.

मग ऑटोजेन, म्हणजे बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट. त्याचे ऑप्शन दरवेळी टाइप करत बसू नका, ऑटोजेन डॉट इनपुट नावाच्या फाइलमध्ये एकेका ओळीत लिहून ठेवा, तो आपोआप वाचतो. मी भाषेच्या ऑप्शनमध्ये एमआर टाकलं म्हणजे मराठी मेनू.

आता खरं महत्त्वाचं, सीकॅश (एकदा कंपाइल केलेलं पुन्हा वापरायला साठवून ठेवणारं टूल) आधी टाका आणि त्याची मर्यादा वाढवा, मुळात ती ५ जीबी असते आणि एवढ्या मोठ्या सी++ प्रोजेक्टला ती पुरत नाही. माझ्याकडे रॅम ८ जीबीच, त्यामुळे पहिल्यांदा मेक (प्रत्यक्ष बिल्ड करणारी कमांड) मध्येच मेलं, मग पॅरलल जॉब्स, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं, दोनवर आणले आणि रात्रभर चालू ठेवून झोपलो.

सकाळी इन्स्टडिर या तयार बिल्डच्या फोल्डरमधून सॉफिस, म्हणजे लिबरऑफिसच, चालवलं. वर डाव्या कोपऱ्यात ‘फाइल’ मराठीत, आपण स्वतः बिल्ड केलेलं! आईला उठवून दाखवलं.