उडतं केळं आणि मिरजेचा भोपळा

भाचा अधूनमधून गाणी पाठवतो आणि मी त्याला अंगठा दाखवते. दोन्ही अर्थांनी, कारण ऐकलेलं काहीच नसतं. या वेळी मात्र त्याने खाली लिहिलं होतं, "मावशी, हे लसूण सोलताना ऐकायचं नाही. हेडफोन लाव, दिवा बंद कर." दिवा बंद करून नुसतं बसायची सवय मला फक्त लोडशेडिंगमुळे. तरी बसले.

बँडचं नाव किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नची मुलं. २०१७ या एका वर्षात त्यांनी पाच अल्बम काढले. आमच्या सोसायटीच्या वर्षाला पाच मीटिंगा होत नाहीत. त्या पाचांतला पहिला हा, 'फ्लाइंग मायक्रोटोनल बनाना'. सुरुवातीचं गाणं जवळजवळ आठ मिनिटं चालतं आणि त्यात मुख्यतः एका सापाचं नाव घेत राहतात. दोन मिनिटं मी घड्याळ बघितलं. तिसऱ्या मिनिटाला पाय हलायला लागला. घाट संपून एस.टी. सपाटीला लागली की इंजिन कसं एका लयीत पळतं, तसे ड्रम पळत होते. आणि गिटार चक्क बेसूर वाजत होती.

मागे नेऊन पुन्हा ऐकलं. बेसूर नव्हती. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे जी जागाच नसते, तिथे मुद्दाम पाय ठेवत होती. नावातलं 'मायक्रोटोनल' ते हेच.

मी मिरजेची. शाळेच्या वाटेवर सतारमेकर गल्ली लागायची. मोठाले भोपळे वाळत पडलेले, आणि आत कुणीतरी तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासत बसलेलं. थोडं घासायचं, तार छेडायची, मान नकारार्थी हलवायची, परत घासायचं. मग तार आणि घोडी यांच्या मधे सुताचा दोरा घालून तो केसभर पुढे, केसभर मागे. एका क्षणी तार अशी काही बोलायची की अंगावर काटा यायचा. छेडलाय एकच सूर, पण आत मोहोळ उठल्यासारखं. ती जवारी. नुसता स्वच्छ 'टण्ण' तिथे कुणालाच नको असायचा.

रॉकवाल्यांनाही साठच्या दशकात तो नकोसा झाला. गिटारचा आवाज मुद्दाम फाडून देणारी 'फझ'ची डबी अमेरिकेत १९६२ मध्ये बाजारात आली. १९६६ मध्ये बीटल्सनी तर सरळ तंबोराच गाण्याखाली लावला. अशा गुंगवणाऱ्या रॉकला सायकेडेलिक म्हणतात. ते म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अमली पदार्थ येतात; माझ्या येतो भोपळा. एक न संपणारा सूर आणि त्यावर तरंगणारं बाकी सगळं.

या मेलबर्नकरांची गत मात्र आणखी मजेची. सतारीचे पडदे, म्हणजे दांडीवरच्या सुरांच्या आडव्या पट्ट्या, सरकवता येतात, गिटारचे ठोकून बसवलेले. मग करायचं काय? बँडचा गायक-गिटारवाला स्टू मॅकेन्झी, त्याने मधे जादा पडदे ठोकून घेतलेली पिवळी गिटार बनवून घेतली. सप्तकात बाराऐवजी चोवीस जागा. तुर्कस्तानच्या बाग्लामा या तंतुवाद्याचे सूर गाठायला केलेला हा जुगाड. आपल्याकडे याच मधल्या सुरांपायी आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला बाहेर काढलं आणि तीसेक वर्षं आत घेतलं नाही. पेटीत जादा पट्ट्या ठोकायचं तेव्हा मनावर घेतलं असतं, तर एवढी भांडणं झाली नसती असं मला उगीच वाटतं.

अल्बममध्ये पुढे एक वाद्य किंचाळलं तशी मी ताडकन उठून भाच्याला फोन लावला.
"अरे, यात सनई आहे!"
"मावशी, झुर्ना आहे ती. तुर्की."
"चुलत बहीणच की मग."

सगळंच आवडलं असं नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अल्बममध्ये विश्वाचा खून होतो आणि एक बाई मधे मधे त्याची गोष्ट सांगते. तो मी अर्ध्यात सोडला. वर्षाअखेरीचा एक अल्बम त्यांनी फुकट वाटला, वर कुणीही छापा आणि विका म्हणून सांगितलं. तो ठेवलाय रविवारसाठी.

काल तंबोरा गवसणीतून बाहेर काढला. जवारी पार बसली आहे. भाचा विचारतोय, पुढचं ऐकलंस का? थांब जरा म्हटलं, शिवणाच्या डब्यात पांढरा सुती दोरा शोधतेय.