असईचा उतार

असईची लढाई (१८०३, इंग्रज विरुद्ध ग्वाल्हेरचे शिंदे आणि नागपूरचे भोसले) बघायला जायचं असेल तर असई गावात आधी जाऊ नका. बहुतेक जण तिथेच जातात, शेतं बघतात आणि ‘बघण्यासारखं काही नाही’ म्हणून परत फिरतात. मीही पहिल्यांदा तसंच केलं, आणि नकाशा हातात असून दिशा उलट्या लावून बसलो. इंग्रज या गावातून आले नाहीत. ते दक्षिणेकडून, नळणीच्या बाजूने, केळना नदीवर आले. तुम्हीही तिथूनच यायला हवं.

वाट सांगतो. जालन्याहून राजूरच्या गणपतीवरून भोकरदन, तिथून जाफराबादच्या अंगाला वळायचं. केळना आणि जुई या दोन नद्या इथे शेजारी-शेजारी पूर्वेकडे वाहतात आणि पुढे एकमेकींना मिळतात. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात २३ सप्टेंबर १८०३ ची दुपार गेली. असई जुईच्या काठावर आहे. पण आधी केळनेचा दक्षिण काठ धरायचा आणि पिंपळगावच्या समोर उभं राहायचं. पलीकडे वरूड. दोन गावं, मध्ये नदी.

हंगामाचं ऐका. उन्हाळ्यात नदी कोरडी असते, तेव्हा ‘यात अडचण कसली?’ असंच वाटतं. पावसाळा सरता सरता जा. काळी माती पायाला धरते, गाडी डांबरीवरच सोडावी लागते, चप्पल तर घालूच नका. पण काठाच्या दरडी आणि खालचं पाणी तेव्हाच कळतं. माणूस कुठूनही कसाबसा उतरेल. बैल जोडलेली तोफ उतरायची तर दोन्ही काठांना सोयीची उतरण लागते, नदीचा तळ घट्ट लागतो.

इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली तेव्हा ३४ वर्षांचा होता आणि त्या दिवशी फसला होता. दुसऱ्या इंग्रज फौजेच्या कर्नल स्टीव्हन्सनशी बदनापूरला ठरलं होतं की दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी जायचं आणि २४ तारखेला शिंदे-भोसल्यांवर एकत्र पडायचं. शत्रू भोकरदनला आहे अशी बातमी होती. हेरांना म्हणायचा होता भोकरदनचा मुलूख, याने समजलं गाव. छावणी पसरली होती थेट असईपर्यंत. त्यामुळे एक दिवस आधी, अर्धीच फौज हाताशी असताना, वीस मैलांच्या वर चालून थकलेल्या पलटणी घेऊन तो नदीवर पोहोचला तर समोर दौलतराव शिंद्यांचे कवायती कंपू (युरोपी पद्धतीने शिकवलेल्या पलटणी), शंभराच्या आसपास तोफा आणि घोडदळाचा समुद्र. त्याच्याकडे साडेचार हजारांच्या आसपास शिस्तीची फौज. शिवाय इंग्रजांच्या बाजूचे म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार होते, ते त्याने केळनेच्या दक्षिणेला मराठी घोडदळावर नजर ठेवायला सोडले.

वाटाडे म्हणाले, खालच्या अंगाला उतार, म्हणजे नदी ओलांडण्याजोगी उथळ जागा, नाही. याने दुर्बीण लावली आणि तुम्ही आता जे बघताय तेच बघितलं: काठावर समोरासमोर दोन गावं. इतकी जवळ वसलेली माणसं एकमेकांकडे जा-ये करत नसतील? म्हणजे उतार असणारच. होता. पुढे त्याने स्वतःच हा तर्क सांगितला आहे. मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीत वॉटर्लूपेक्षा ही दोन गावं जास्त पटतात. म्हातारपणी ‘लढाईतली तुमची सर्वांत चांगली कामगिरी कोणती’ असं विचारल्यावर तोही असईच म्हणाला.

आता नदी ओलांडा आणि डावीकडे तोंड करा. इथेच बहुतेकांचा घोळ होतो. मराठ्यांची फळी आधी दक्षिणेला, केळनेकडे तोंड करून होती. इंग्रज तिच्या डाव्या बगलेला उतरले. शिंद्यांचा हॅनोवरचा सेनापती पोहलमन याने सगळी फळी काटकोनात फिरवली, एक टोक केळनेवर आणि दुसरं असईवर. तोफांसकट इतक्या चपळाईने फळी फिरवणं हे उत्तम कवायतीचं काम होतं. आपल्याकडे याचं कौतुक फारसं कुणी करत नाही, याचा मला राग येतो. पट्टा अरुंद, त्यामुळे मराठी घोडदळाला पसरायला जागा उरली नाही. आणखी एक गोष्ट दुपारी तीननंतर उभं राहिल्याशिवाय सुचत नाही: २३ सप्टेंबरला सूर्य जवळजवळ नेमका पश्चिमेला मावळतो, आणि इंग्रज पश्चिमेकडेच चालत होते.

इंग्रजांच्या तोफा लगेच निकामी झाल्या, बैल मारले गेले. मग पायदळ तोफांशिवायच पुढे नेलं. केळनेच्या बाजूला ७८वी हायलँडर्स पलटण तोफांवर चालून गेली. मेल्याचं सोंग घेऊन पडलेले मराठी गोलंदाज ती पुढे सरकताच उठले आणि पाठीमागून पुन्हा तोफा डागू लागले.

उजवीकडे खरा घात झाला. ऑरॉक नावाच्या अधिकाऱ्याने आघाडीची तुकडी वळवायच्या ऐवजी सरळ असईवर नेली, ७४वी पलटण त्याच्या मागे गेली. गावात तोफा आणि पायदळ दबा धरून होतं. ७४व्या पलटणीचे जवळजवळ सगळे अधिकारी पडले किंवा जखमी झाले. आता गावात जायची वेळ झाली. नदीकडून चालत या, म्हणजे किती उघड्या रानातून ती माणसं आली ते दिसेल.

इंग्रजांचे ४२८ ठार, हजारावर जखमी. हाती आल्या ९८ तोफा. वेलस्लीचा एक घोडा गोळीने मेला, दुसऱ्याला, डायोमेडला, भाला लागला.

बाकीच्या जागा थोडक्यात. अहमदनगरचा किल्ला (शहर आता अहिल्यानगर) १८०३ च्याच ऑगस्टमध्ये पडला. लष्कराच्या ताब्यात असल्याने आत जाण्याआधी चौकशी करा. अडगावला, याच युद्धातल्या पुढच्या लढाईच्या जागी, शेतंच. गाविलगड मात्र चुकवू नका. चिखलदऱ्याहून आपण उत्तरेच्या सपाटीवरून गाडीने जातो. त्याच बाजूला स्टीव्हन्सनच्या माणसांनी डोंगरातून वाट पाडत, हाताने ओढत तोफा आणल्या होत्या. १५ डिसेंबरला गड पडला आणि महिनाअखेर सुर्जी-अंजनगावला शिंद्यांनी तहावर सही केली.

१८०५ मध्ये वेलस्ली मायदेशी परतला, पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, १८२८ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान. १८२९ मध्ये स्वतःच्याच पक्षाचा रोष पत्करून त्याने कॅथलिकांना पार्लमेंटचं दार उघडलं. पण दुसऱ्याच वर्षी मतदान-सुधारणेची गरजच नाही असं ठणकावून सरकार गमावलं. लोकांनी दगड मारून फोडल्यावर लंडनच्या घराच्या खिडक्यांना लोखंडी झडपा बसवाव्या लागल्या. दुर्बिणीतून दोन गावं ओळखणाऱ्याला खिडकीबाहेरचा रस्ता वाचता आला नाही.

परतताना सिल्लोडवरून अजिंठ्याला निघा. लेणी सगळेच बघतात, तुम्ही आधी घाटमाथ्यावरच्या अजिंठा गावात थांबा. असईचे जखमी इथे आणून ठेवले होते. लेणी तिथून काही मैलांवर, आणि इंग्रजांना ती सापडली १८१९ मध्ये.