अल्फा, मी आणि ट्यूबलाइट

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी फरशी पुसायला वाकलो की हात जुन्याच चालीने सरकतो. सावकाश, जमिनीपासून अर्धा सेंटिमीटर वर. बायको म्हणते, "अहो, फडकं टेकवा की!"

नोकरीभर रेडिएशन सर्व्हे केला, म्हणजे फरशीवर कंटॅमिनेशन, सांडलेला किरणोत्सारी पदार्थ, आहे का ते मीटरने तपासलं. अशा पदार्थातून सुटणारा अल्फा कण हवेत जेमतेम चार सेंटिमीटर जातो, कागदानेही अडतो. त्यामुळे प्रोब, म्हणजे मीटरचा हातात धरायचा भाग, अगदी जवळ न्यायचा, पण टेकू द्यायचा नाही. प्रोबच्या तोंडावर मायलार या प्लास्टिकचा पातळ, उजेड अडवणारा पडदा, आत अल्फा लागला की चमकणारं झिंक सल्फाइड; मीटर ती चमक मोजतो. एकदा तारेचं टोक लागून पडद्याला सुईएवढं भोक पडलं आणि मीटरचा काटा असा उसळला की पोटात गोळा आला. खोली रिकामी केली. तपासलं तर कंटॅमिनेशन काहीच नाही, भोकातून ट्यूबलाइटचा उजेड आत गेला होता!

परवा भाच्याने विचारलं, "मामा, अल्फा आता लांबून कॅमेऱ्यात दिसतात म्हणे?"

उडवूनच लावणार होतो. पण दिसतात. म्हणजे कण नाही, त्याच्या वाटेतली हवा दिसते. अल्फाचा मार बसलेला नायट्रोजन अतिनील उजेडात चमकतो, सगळ्यात ठळक 337 नॅनोमीटरला. विल्यम आणि मार्गारेट हगिन्स या जोडप्याने 1903 मध्ये रेडियमच्या उजेडाचा वर्णपट फोटोवर घेतला, त्यात नायट्रोजनच्याच पट्ट्या निघाल्या होत्या. फिनलंडमध्ये टाम्पेरेच्या मंडळींनी यावर बरंच काम केलंय.

विजेच्या बिलामागे हिशेब मांडला. स्मोक डिटेक्टरमध्ये असतं तेवढं अमेरिशियम, अल्फा सोडणारा धातू, घेऊ; 37,000 बेकरेल, म्हणजे सेकंदाला तेवढे कण. निम्मे कण मागच्या पत्र्यात जिरले. उरलेल्यांचे प्रत्येकी शंभरेक फोटॉन, म्हणजे उजेडाचे कण. एक मीटरवर पाच सेंटिमीटरची लेन्स ठेवली, तर सेकंदाला तीनशेच्या आसपास फोटॉन आत येतील. ढोबळ हिशेब आहे, पण मोजता येतील इतके नक्की!

अडचण एकच, खोलीतला उजेड. खिडकीतल्या उन्हातही 337 असतोच. 280 नॅनोमीटरच्या खाली बघावं, तर तिथलं ऊन ओझोन वरच्यावर खातो, अंधार आयता मिळतो. पण तिथे नायट्रोजनची चमकही नावापुरतीच. म्हणजे ट्यूबलाइट इथेही आडवी आलीच.

भाचा म्हणाला, "दिवे बंद करायचे. पण गुडघे तर वाचले ना?"

अर्धे वाचले. कॅमेरा कुठली फरशी ते सांगेल. तिथलं कंटॅमिनेशन सुटं आहे की चिकटलेलं, हे स्वाइपचा, म्हणजे पुसून नमुना घ्यायचा, कागद फिरवल्याशिवाय कळत नाही. तो फिरवायला कुणीतरी वाकणारच.