पत्नी दोन, मुले एक

मागच्या वर्षी आमचे मोठे काका गेले तेव्हा पेपरात द्यायची बातमी मीच टाईप करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. शेवटची ओळ नेहमीचीच, 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे.' सकाळी पेपर उघडला तर, 'त्यांच्या पश्चात पत्नी दोन, मुले एक, मुलगी सुना, जावई, नातवंडे, असा परिवार आहे.' शब्द एकही इकडचा तिकडे नाही, कॉमे तेवढे एकेक शब्द पुढे सरकलेले. आणि काकांना दोन बायका!

फोन केला तर तिकडून उत्तर, "कॉमाच आहे ना भो, लोकं घेता समजून."

तेव्हापासून मला नादच लागलाय, पेपर घेतला की आधी कॉमे बघतो. गिरणेच्या आवर्तनावरून आमच्याकडे दर उन्हाळ्यात बोंब असतेच, तर एकदा हेडिंग होतं 'पाणी नाही, सोडले तर आंदोलन'. म्हणजे धरणातून पाणी सोडलं तर शेतकरी रस्त्यावर उतरणार? अरे, 'पाणी नाही सोडले, तर' रे बाबा! आणि 'अखेर त्या वृद्धेची ओळख पटली' यातल्या 'त्या'ला अवतरण चिन्हात का कोंडतात हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही, जणू ती वृद्धा नसून काहीतरी भानगड आहे. उद्गारचिन्हं तर लग्नातल्या अक्षता, मूठभर घ्यायची नि फेकायची.

गंमत म्हणजे ही चिन्हं आपली नाहीतच मुळी. मराठीत ती आणली मेजर थॉमस कँडी या इंग्रजाने, मोल्सवर्थच्या शब्दकोशाच्या कामातला तोच कँडी. 1850 साली त्याने 'विरामचिन्हांची परिभाषा' नावाची पुस्तिकाच काढली. त्याआधी आपला कारभार मोडीत, हात न उचलता लिहायचं, कॉमा नाही, पूर्णविराम नाही, दोन शब्दांत धड जागासुद्धा नाही. आमच्या घरात पणजोबांच्या वेळचं एक मोडी खरेदीखत आहे, ते वाचून घेतलं तेव्हा कुठलं शेत कोणाचं यात कणभर घोळ निघाला नाही, कारण लिहिणाऱ्याला माहीत होतं की आपल्याकडे कॉमा नाही, म्हणून वाक्यच तसं बांधायचं. म्हणून माझं म्हणणं, जमत नसेल तर कॉमा देऊच नका ना. नसलेल्या कॉमाला वाचणारा सांभाळून घेतो, चुकीच्या जागी बसलेला मात्र त्याला हाताला धरून भलत्याच गल्लीत नेतो.

आता तालुक्यातून बातमी बोलून टाईप होते, त्यात एकही चिन्ह नसतं, मग ऑफिसात कोणीतरी घाईघाईत वरून कॉमे पेरतो, मिठासारखे. त्याला तरी काय बोलणार, पानं वेळेत सोडायची असतात.

गंधमुक्तीच्या दिवशी कोणीतरी ते कात्रण काकूला वाचून दाखवलंच. आम्ही सगळे गप. काकूने पदर तोंडाला लावला, आम्हाला वाटलं रडतेय, तर म्हणाली,

"दुसरी होती तं चाळीस वर्सं पोया मी एकटीच कामून लाटत होती रे भाऊ?"